जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाइली नव्यावर आणायच्या कशा?

नाशिकमध्ये जुने कॉम्प्युटर अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. रविवार कारंज्याजवळच्या छापखान्यात पत्रिका आणि स्मरणिकांची पानं ज्याच्यावर लागायची तो पेंटियम. पतसंस्थेच्या रेकॉर्ड रूममधला, सभासदांची खाती डीबेस नावाच्या प्रोग्राममध्ये सांभाळणारा ४८६ (पेंटियमच्या आधीचा). अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम पाठवणारा काळवंडलेला डबा. आणि कुणाच्या तरी वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी टाइप करून ठेवलेला, आता माळ्यावर गेलेला. यातल्या कित्येक मशीनांमध्ये जे आहे त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. मशीनला पेनड्राइव्ह लावायला जागा नाही आणि नव्या लॅपटॉपला फ्लॉपीची फट नाही, म्हणून लोक ‘आता काही होणार नाही’ असं समजून सगळं भंगारात देतात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण बहुतेक वेळा फाइली निघतात.

काम अवघड वाटतं, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, बाइट, म्हणजे फाइलीतले आकडे, इकडून तिकडे जायला वाट कोणती? दुसरा, त्या वाटेवर दोन्ही मशीनं एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलणार? आणि तिसरा, फाइल आली, पण ती वाचता येणार का? पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर माहिती मिळते. तिसऱ्यावर, विशेषतः मराठी मजकुराच्या बाबतीत, फार कमी बोललं जातं. आणि आपल्याकडचा मजकूर बहुतेक तिथंच हरवतो.

बटण दाबायच्या आधी

वीस-पंचवीस वर्षं बंद असलेला कॉम्प्युटर लगेच प्लगमध्ये घालू नका. आधी कॅबिनेट उघडा. २८६, ३८६ आणि ४८६च्या मदरबोर्डवर बऱ्याचदा निळ्या वेष्टनातली, बोर्डला डाग दिलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून कुरतडले जातात. बॅटरी गळलेली दिसली तर आधी ती काढायची, जागा साफ करायची, मगच पुढचं. एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर फुगलेत का तेही बघून घ्यायचं. जमत नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला दाखवा, त्याला हे काम नव्या मोबाइलवाल्यापेक्षा चांगलं कळतं.

त्या बॅटरीचा आणखी एक परिणाम असतो. ती संपली की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, सगळं विसरतो, आपल्या हार्ड डिस्कला किती सिलिंडर, किती हेड आणि किती सेक्टर आहेत हेसुद्धा. मग स्क्रीनवर ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि डिस्क मेली असं वाटतं. तसं नसतं. हे तीन आकडे बहुधा डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. सेटअपमध्ये ते पुन्हा भरले की डिस्क परत दिसू लागते. डिस्क हातात आली की त्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

मशीन चालू झालंच, तर त्यात काही नवीन टाकू नका, डीफ्रॅग करू नका, ‘डिस्क दुरुस्त करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. जुन्या डिस्कवर होणारं प्रत्येक लिखाण म्हणजे आधीचं काहीतरी पुसलं जाण्याची शक्यता.

डिस्कच बाहेर काढणं

माझं स्पष्ट मत असं, की डिस्क आयडीई प्रकारची असेल तर जुना कॉम्प्युटर चालू करण्याच्या भानगडीत पडूच नये. डिस्क काढावी आणि नव्या मशीनला जोडावी. साधारण १९९० नंतरच्या बहुतेक घरगुती मशीनांत आयडीईच असते. मागे ४० पिनांची दुहेरी रांग आणि शेजारी चार जाड पिनांचं पॉवर सॉकेट, ही तिची खूण. लॅपटॉपच्या डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि पॉवर त्यातूनच जाते. दोन्हींसाठी यूएसबीचे अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतात. मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर सोबत येणारा संच घ्या, आणि डिस्कचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) ‘मास्टर’वर ठेवा.

दोन अडचणी येऊ शकतात. फार जुन्या आयडीई डिस्कांना एलबीए ही क्रमांकपद्धत कळत नाही, त्या फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरच्या भाषेत बोलतात. बरेच यूएसबी अडॅप्टर ती भाषा सोडून मोकळे झालेत, त्यामुळे डिस्क फिरते पण दिसत नाही. अशा वेळी जिच्या बोर्डवरच आयडीईचं सॉकेट आहे अशी थोडी जुनी मशीन लागते. दुसरी अडचण त्याहून जुन्या डिस्कांची. त्यांना ३४ आणि २० पिनांच्या दोन वेगळ्या पट्ट्या लागतात, त्या आयडीई नव्हेतच. त्यांना कुठलाही यूएसबी अडॅप्टर चालत नाही. त्या आपल्याच मशीनमध्ये, आपल्याच कंट्रोलर कार्डावर वाचायच्या आणि मजकूर केबलनं बाहेर काढायचा.

डिस्क दिसली की फाइली ओढून घ्यायची घाई होते. आधी पूर्ण डिस्कची इमेज करा, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये. हे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर करावं, कारण विंडोज जोडलेल्या डिस्कवर स्वतःचं फोल्डर न विचारता लिहून टाकतं, आणि विभागणी ओळखता आली नाही तर ‘फॉर्मॅट करायचं का’ असं विचारतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडखळणाऱ्या जागा सोडून पुढे जातो, त्यांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दुबळी डिस्क अर्ध्यात मान टाकेल अशी भीती असते तेव्हा हा क्रम फार मोलाचा ठरतो. त्या काळच्या डिस्कांची क्षमता आजच्या मानानं नगण्य आहे. ५०० एमबीची अख्खी इमेज फोनमधल्या एखाद्या व्हिडिओएवढी भरते. त्यामुळे जागेचा विचार करायचं कारणच नाही.

फ्लॉपी

साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी असेल तर काम सोपं. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घ्यायचा, लावायचा, वाचायचं. त्या १.४४ मागचं गणित असं: ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६० बाइट. इमेज फाइल नेमकी एवढी भरली तर आकारानं ती पूर्ण आहे.

फ्लॉपी आत घालण्याआधी लेखनबंदी करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं नेमकं उलट: कडेची खाच उघडी असेल तर लिहिता येतं, चिकटपट्टीनं झाकली की बंद. हा उलटा नियम लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे.

सव्वापाच इंची फ्लॉपी आली की यूएसबीचा रस्ता संपतो, कारण ते ड्राइव्ह त्या आकारात मिळतच नाहीत. त्या काळचा खरा ड्राइव्ह शोधायचा आणि तो आधुनिक मशीनला जोडायला मधे एक छोटा बोर्ड लावायचा. यासाठी ग्रीसवीझल नावाचा खुला, स्वस्त बोर्ड आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ड्राइव्हची ३४ पिनांची पट्टी. तो काय करतो हे समजून घेण्यासारखं आहे. फ्लॉपीवर शून्य आणि एक असे अंक लिहिलेले नसतात. तिथं चुंबकीय दिशा ठरावीक अंतरांनी उलटते, एवढंच. ३६० केबीच्या फ्लॉपीवर दोन उलटींमधला वेळ ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद असतो आणि त्या तीन वेळांच्या क्रमातून बिट, म्हणजे ते शून्य-एक, ठरतात. साधा यूएसबी ड्राइव्ह हा हिशेब आतल्या आत करून टाकतो आणि जमलं नाही तर फक्त ‘सेक्टर खराब’ म्हणून हात वर करतो. ग्रीसवीझल निर्णय घेतच नाही, प्रत्येक उलटीची वेळ मोजून जशीच्या तशी कॉम्प्युटरला देतो. मग ५ मायक्रोसेकंद आलं तर ते ४ धरायचं की ६, हे सॉफ्टवेअर निवांत, पुन्हा पुन्हा वाचून ठरवू शकतं. त्यामुळेच एरवी मेलेल्या समजलेल्या फ्लॉप्या यातून उठतात. १९८४-८५ च्या सुमाराला देशातल्या शाळांमध्ये क्लास प्रकल्पाखाली बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते, त्यांच्या फ्लॉपीची रचना पीसीहून पूर्ण वेगळी. त्याही अशाच वाचाव्या लागतात.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. नाशिकचा उन्हाळा कोरडा असला तरी जून ते सप्टेंबर पेटीतल्या फ्लॉप्या ओल धरतात. सव्वापाच इंची फ्लॉपीची तबकडी बोटानं हलकेच फिरवून लांबट खिडकीतून बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ती स्वतः तर खरवडली जाईलच, शिवाय ड्राइव्हच्या हेडला घाण लागून पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा खराब होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तबकडी पुसायची, वाळू द्यायची, प्रत्येक वाचनानंतर हेडही पुसायचं. सावकाश चालणारं काम आहे. पण सोनीसारख्या कंपनीनंही २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री बंद केली. या वस्तू आता नव्यानं येणार नाहीत, तेव्हा घाईत एकही दवडू नये.

उलट दिशेनं, म्हणजे नव्यावरून जुन्यावर फाइल न्यायची असेल तर एक सूचना. सव्वापाच इंचीच, पण १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं. ते जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध बारीक रेघ ओढतं आणि ३६० केबीचा ड्राइव्ह नवं-जुनं एकत्र वाचून गोंधळतो. वारंवार न्यायचं असेल तर गोटेक नावाचा फ्लॉपी एम्युलेटर बसवा: ड्राइव्हच्या जागी बसतो, पुढे पेनड्राइव्ह लागतो आणि जुन्या मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे.

केबलची वाट

फ्लॉपी ड्राइव्ह बंद, डिस्क काढता येत नाही, पण मशीन चालू होतं. अशा वेळी सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारं सॉकेट, कामाला येतो. मला ही वाट सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण १९८० च्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक कामाच्या मशीनला हा पोर्ट आहे, आणि नव्या लॅपटॉपला तो यूएसबी अडॅप्टरनं देता येतो.

दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर वायरी उलटसुलट लागतात: एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. याला नल मोडेम केबल म्हणतात. ९ पिनांच्या पोर्टवर २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते आणि ५ नंबरची ग्राउंड असते. म्हणून दोन्हीकडे ९ पिना असतील तर इकडची २ तिकडच्या ३ला, इकडची ३ तिकडच्या २ला, आणि ५ला ५. पण जुन्या मशीनवर बऱ्याचदा २५ पिनांचा पोर्ट असतो आणि तिथं हेच क्रमांक उलटे आहेत: २ बोलते, ३ ऐकते, ग्राउंड ७ वर. त्यामुळे ९ आणि २५ पिना जोडताना २ला २ आणि ३ला ३ अशी सरळ जोडणी केली की ती आपोआप उलटसुलट होते. सरळ असायला हवी तिथं उलटी केबल बनवून लोक तासन् तास सेटिंग बदलत बसतात. काहीच येत नसेल तर आधी पिना मोजा.

काही प्रोग्रामांना ‘समोरचा तयार आहे’ असा वेगळा इशाराही लागतो. त्यासाठी ९ पिनांच्या टोकावर ७ आणि ८ एकमेकींना जोडायच्या, आणि १, ४, ६ एकत्र करायच्या. २५ पिनांवर हेच काम ४-५ आणि ६-८-२० करतात. एवढं केलं की बहुतेक कामांना तीन वायरींची केबल पुरते.

अडॅप्टर घेताना जपून. जुन्या पोर्टवरचे इशारे ३ ते १५ व्होल्ट, तेही धन आणि ऋण अशा दोन्ही दिशांनी असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांसाठी मिळणारे उघडे छोटे यूएसबी-सिरियल बोर्ड फार तर ५ व्होल्टचे असतात. ते थेट जोडले तर जळतील. पूर्ण ९ पिनांचा कनेक्टर असलेला, आरएस-२३२ असं स्पष्ट लिहिलेला अडॅप्टरच घ्या.

इथं नाशिककरांना एक फायदा आहे. अंबड, सातपूर, सिन्नरच्या एमआयडीसीत अजून कित्येक सीएनसी मशीनं याच पोर्टवरून प्रोग्राम घेतात. ही केबल डोळे मिटून डाग देणारी माणसं तिथल्या मेंटेनन्समध्ये आहेत. कुणाची ओळख असेल तर त्यांना विचारा. मात्र त्यांच्याकडची तयार केबल आणि सेटिंग जशीच्या तशी वापरू नका; बऱ्याच जुन्या सीएनसी कंट्रोलला ७ बिट आणि इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा एक जादा बिट) लागते, तर कॉम्प्युटरच्या फाइलींसाठी आपल्याला पूर्ण ८ बिट हवेत. सातच बिट गेले तर इंग्रजी अक्षरं ठीक येतील, पण मराठीसाठी वापरलेले वरचे सगळे क्रमांक बिघडतील.

दोन्हीकडे वेग, बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट तंतोतंत सारखे हवेत. ९६०० (सेकंदाला इतके बिट), ८, पॅरिटी नाही, १ यापासून सुरुवात करा. प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. २० एमबीची डिस्क या वेगानं उतरवायला सुमारे ६ तास लागतात. १,१५,२०० वर तेच काम अर्ध्या तासात होतं. मात्र त्यासाठी जुन्या मशीनमध्ये १६५५०ए ही सिरियल चिप असलेली बरी, कारण तिला १६ बाइटचा साठा असतो. त्याआधीच्या ८२५० किंवा १६४५० मध्ये तो नाही; मशीनला क्षणभर उशीर झाला की बाइट गळतो. अशा ठिकाणी हट्ट न धरता वेग कमी करावा, रात्रभर चालू द्यावं.

बाइट गळला हे कळणार कसं? त्यासाठी प्रोटोकॉल, म्हणजे दोन्हीकडच्या प्रोग्रामांनी पाळायचे बोलण्याचे नियम. १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सेननी एक्समोडेम लिहिलं: फाइलचे १२८ बाइटचे तुकडे, प्रत्येकासोबत बेरीज, समोरच्यानं ती जुळवून ‘मिळालं’ किंवा ‘पुन्हा पाठव’ म्हणायचं. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कर्मिट तयार झालं, ते अगदी खडबडीत लाइनीवरही तग धरतं. १९८६ च्या झेडमोडेममध्ये तुटलेलं पाठवणं जिथं थांबलं तिथून पुढे चालू होतं. निवड असेल तर झेडमोडेम, नसेल तर कर्मिट. एक्समोडेम शेवटचा तुकडा १२८ पर्यंत भरून काढतं, त्यामुळे फाइल किंचित मोठी होते. मजकुराला त्यानं काही होत नाही, काही प्रोग्रामांच्या फाइलींना होऊ शकतं.

आता नेहमीचा पेच. जुन्या मशीनवर यातला एकही प्रोग्राम नाही, आणि तो न्यायचा तर त्यासाठीच प्रोग्राम हवा. एमएस-डॉस ६, म्हणजे विंडोजआधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमची १९९३ ची आवृत्ती, यासाठी फार कामाची आहे. तिच्यासोबत इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे दोन प्रोग्राम येतात, आणि इंटरसर्व्हरला ‘आर-कॉपी’चा पर्याय देऊन स्वतःलाच सिरियल केबलवरून समोरच्या मशीनवर पोहोचवता येतं. समोरच्या जुन्या मशीनवर त्यासाठी डॉसमध्ये आधीपासून असलेल्या मोड आणि सीटीटीवाय या दोन कमांड पुरतात. नंतर जुन्याची डिस्क दुसऱ्या मशीनवर आणखी एका ड्राइव्हसारखी दिसते. दोन्हीकडे डॉस लागतं, ही याची मर्यादा. म्हणून मधला कॉम्प्युटर हवा.

मधला म्हणजे २००० च्या आसपासचा पेंटियम ३ किंवा ४. त्याला फ्लॉपी ड्राइव्ह आहे, आयडीई आहे, खरा सिरियल पोर्ट आहे, आणि लॅन व यूएसबीही आहे. एका बाजूनं तो १९८८ शी बोलतो, दुसऱ्या बाजूनं आजच्याशी. असा चालू डबा भंगारात दिसला तर उचला. लॅनवर फाइल पाठवताना विंडोजचं शेअरिंग जुळेल अशी आशा नको. विंडोज १० नं २०१७ पासून त्या जुन्या शेअरिंगची पहिली आवृत्ती मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली. एफटीपी ही फाइली पाठवायची जुनी पद्धत वापरा, ती दोन्हीकडे चालते. डॉसच्या मशीनमध्ये नेटवर्क कार्ड असेल तर एमटीसीपी हा मोफत संच त्यालाही एफटीपी देतो. सीडी रायटर असलेल्या विंडोज ९८ च्या मशीनवरून तर सरळ सीडी राइट करावी आणि मोकळं व्हावं.

फाइल आली, पण मराठी कुठंय?

पंचवटीतल्या एका छापखान्याच्या काकांनी मला हाच प्रश्न विचारला होता. ‘अरे, फाइल तर उघडली, पण आत सगळं इंग्रजी किडे-मुंग्या आहेत. आपलं मराठी कुठं गेलं?’ ते कुठंही गेलेलं नव्हतं. बाइट शंभर टक्के बरोबर आले होते. ते वाचायची चावी जुन्या मशीनवरच राहिली होती.

हे इंग्रजी फाइलींतही थोडं होतं. वर्डस्टार या जुन्या टायपिंगच्या प्रोग्रामची फाइल उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं, कारण वर्डस्टार तिथला आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरतं. तो बिट काढून टाकला की मजकूर स्वच्छ. डीबेसची खाती आणि लोटसची पत्रकं लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. डीबेसमध्ये पुसलेली नोंद खरं तर तिथंच असते, फक्त तिच्यापुढे फुली मारलेली असते. ‘पॅक’ कमांड दिलेली नसेल तर जुन्या सभासदांची माहितीही सापडते.

मराठीचा मामला मोठा आहे, आणि त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला, डॉसच्या काळातला. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसच्या स्क्रीनवर देवनागरी दिसायची. त्या फाइली इस्की या प्रमाणानुसार असतात. भारतीय मानक ब्युरोनं ते १९९१ मध्ये ठरवून दिलं. यात प्रत्येक अक्षराला १६१ च्या पुढचा एक क्रमांक आहे आणि क्रम उच्चाराचा आहे. ‘नाशिक’ हा शब्द इस्कीत १९८, २१८, २१३, २१९, १७९ असा साठवला जातो: न, काना, श, पहिली वेलांटी, क. आजच्या युनिकोडमध्ये तोच शब्द २३४४, २३६६, २३५८, २३६७, २३२५. आकडे वेगळे, पण क्रम तोच: न, काना, श, वेलांटी, क. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवला की काम होतं. हलन्त आणि नुक्त्याच्या जोड्यांचे थोडे खास नियम आहेत, आणि आयसीयू या मुक्त लायब्ररीत ते सगळे सांभाळणारा कन्व्हर्टर तयार आहे. इस्कीची फाइल मिळाली तर निश्चिंत व्हा.

दुसरा प्रकार विंडोज आल्यानंतरचा. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांचा. यात फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेला असतो आकार. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतं. फॉन्ट त्या जागी देवनागरीचा तुकडा काढतो. तुकडे डोळ्यांना दिसतील त्या क्रमानं ठेवलेले. ‘नाशिक’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसते, म्हणून फाइलमध्येही ती श च्या आधीच येते. अनेक फॉन्टांत श हा अर्धा श आणि उभा दंड असे दोन तुकडे असतात. ‘कार्य’मधला रफार य च्या डोक्यावर बसतो, म्हणून तो य च्या नंतर टाइप झालेला असतो, तर युनिकोडला र् आधी हवा. म्हणजे इथं नुसती आकड्यांची अदलाबदल पुरत नाही. तुकडे जोडून अक्षर करायचं, वेलांटी अक्षरानंतर न्यायची, रफार अक्षराआधी आणायचा, हे सगळं करावं लागतं. आणि कोणता आकडा म्हणजे कोणता तुकडा, हे प्रत्येक फॉन्टसंचाचं वेगळं, कधी एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्यांतही वेगळं.

म्हणूनच जुन्या मशीनवरून कागदपत्रांचं फोल्डर उचलताना विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डरही उचलायलाच हवं. ते आलं नाही तर आकडे आणि तुकडे यांचं नेमकं कोणतं कोष्टक लावायचं हे शोधण्यातच दिवस जातात. फॉन्ट आला, तर निदान नव्या मशीनवर बसवून फाइल डोळ्यांनी वाचता येते, छापता येते, आणि रूपांतर बरोबर झालं का हे शेजारी ठेवून ताडता येतं. पूर्ण डिस्कची इमेज आधी करा असं वर म्हटलं, त्याचं मराठीपुरतं सगळ्यांत मोठं कारण हेच. काय न्यायला हवं होतं हे नंतर कळतं, तेव्हा ते इमेजमध्ये असतं.

रूपांतर करताना मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कॉपी करू नका. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव उडून जातं. एखाद्या स्मरणिकेत मराठी वाक्यात मधेच इंग्रजी नाव असेल, तर दोन्ही सारख्याच आकड्यांत साठवलेलं असतं. फरक फक्त फॉन्टच्या नावात. ते नाव गेलं की कन्व्हर्टर इंग्रजी नावाचीही देवनागरी खिचडी करतो. म्हणून पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्राम) किंवा वर्डमधून आरटीएफ, म्हणजे फॉन्टची नावं जपणारी फाइल, काढा आणि फॉन्ट ओळखून रूपांतर करणारं साधन वापरा. जुनं पेजमेकर चालत नसेल तर त्याच्या ६ व ७ आवृत्तीच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघता येतात. पानाची मांडणी हुबेहूब येईल असं नाही, पण मजकूर हाती लागतो.

यानंतर माणसानं वाचायलाच हवं. सगळ्यांत आधी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधा. हा आडवा अर्धा र हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर इथं हमखास चुकतात आणि ‘दुसर्‍या’चा ‘दुसर्या’ होतो. मग ‘ॲ’ आणि ‘ऑ’, मग ळ, मग रफार असलेली आडनावं. पतसंस्थेच्या यादीत आडनाव चुकलं तर माणूसच सापडत नाही. चूक दिसली की ती एका जागी दुरुस्त न करता कोष्टकात दुरुस्त करा आणि सगळ्या फाइली पुन्हा फिरवा. एकाच फॉन्टच्या फाइली असतील तर पहिल्या दहा पानांवर केलेली मेहनत पुढच्या हजार पानांना लागू पडते. युनिकोडची फाइल, मूळ फाइल, फॉन्ट, डिस्कची इमेज आणि आपण सुधारलेलं कोष्टक, हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असू द्या. छापखान्याच्या काकांनी एक प्रत स्वतःकडे ठेवलीय, दुसरी त्यांच्या मुलीकडे सिडकोत आहे.